चावी द्यायची

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दसरा

आज जळगावात दुकान उघडलं. बळीराम पेठेत, रस्त्याला लागून, उत्तरेचा उजेड येईल असं. घड्याळाच्या कामाला उत्तरेचाच उजेड लागतो. ऊन सरळ टेबलावर आलं की स्क्रूच्या सावलीलाच माणूस स्क्रू समजतो. हे मला कुणी शिकवलं नाही. मला कुणीच काही शिकवलं नाही. धुळ्याला सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत होतो, गिरणी बंद पडली, आणि ज्या वयात लोक देवदेव करायला लागतात त्या वयात मी आयग्लास डोळ्याला लावला. मोडकी घड्याळं किलोवर आणायचो. शंभरेक मारली तेव्हा एक जगलं. आता पुण्यामुंबईचे शौकीन मला कुरिअरनं घड्याळं पाठवतात आणि फोनवर ‘सर’ म्हणतात.

पाटी स्वतः रंगवली. रंगाऱ्यानं ‘दुरुस्त’चा रु दीर्घ काढला असता.

दुकानामागे एक खोली आहे, मोरी आहे, गॅसची शेगडी मावते. बायको, सारिका, दिवाळीनंतर धुळ्याहून येईल. तोवर असोद्याची भरताची वांगी आणि मी. घरमालकीण पानबाई वरच्या मजल्यावर राहतात, सगळी पेठ त्यांना काकीजी म्हणते. ऐंशीच्या घरातल्या, पण जिना कठड्याला हात न लावता उतरतात. सोनं द्यायला स्वतः खाली आल्या. म्हणाल्या, घडीवाले भाऊ, बंद घडीकडे बघून सांगता येतं का, जीव आहे की गेला? मी म्हटलं, काकीजी, बघून नाही, हात लावून सांगतो. त्यांचा नातू अर्हम मागे उभा होता, तो म्हणाला, मग तुम्ही डॉक्टरच झालात की, पाटी बदला. चांगला पोरगा आहे. चोवीस-पंचवीसचा, अजून गालावर पुरती दाढी नाही.

शेवभाजी मागवून एकट्यानंच दसरा साजरा केला. बरं वाटतंय.

४ ऑक्टोबर, शनिवार

काकीजींनी घड्याळ आणलं. मलमलच्या रुमालात, त्याला वेलदोड्याचा वास. त्यांचे मिस्टर माणकचंद शेठ दोन वर्षांपूर्वी वारले, त्यांचं. शेठना ते त्यांच्या वडिलांकडून मिळालं होतं. लाभपंचमीला यांच्या दाणाबाजारातल्या दुकानाचा मुहूर्त असतो. त्या दिवशी अर्हम पहिल्यांदा गादीवर बसणार आणि तेव्हा आजोबांचं घड्याळ त्याच्या मनगटावर हवं.

दोन वर्षं कुणी हात लावला नाही, पण शेठचा शब्द होता म्हणे. शेवटच्या दिवशी ते सामायिकाला बसले होते. यांच्यात रोज ठराविक वेळ आसनावर मुकाट बसायचं असतं, त्याला सामायिक म्हणतात. बसल्या जागी मान कलली. काकीजी धावल्या, तर शेठ अगदी सावकाश म्हणाले, ‘चावी द्यायची’, आणि संपलं. तिजोरीची चावी तर काकीजींच्याच कमरेला असते. म्हणजे घड्याळाचीच म्हणत होते. मी विचारलं, आजारी होते का? नाही म्हणाल्या. उलट शेवटी शेवटी फार शांत झाले होते. इतके शांत की जेवताना घास हातात तसाच राहायचा, आणि तो तोंडात जाईपर्यंत भाजी निवायची.

घड्याळाबद्दल. डायलवर नाव नाही. नंतर कुणीतरी रंगवलेली डायल आहे, मिनिटांच्या रेघा सहाच्या खाली एकमेकींना चिकटल्यात. अशी डायल बघून बाजारातला माणूस तोंड वाकडं करतो. मी करत नाही. डायल म्हणजे कपडे, ओळख आत असते. काटे मूळचे, निळे, आगीवर निळे केलेले, रंगवलेले नव्हेत. चावी मऊ फिरते, पण अर्ध्या वळशावरच थांबलो, दिली नाही. सुकलेल्या तेलावर चावी देणं म्हणजे उपाशी माणसाला पळवणं.

५ ऑक्टोबर, रविवार

ओळखलं. दुपार गेली, पण ओळखलं.

स्विस, हातानं चावी द्यायचं, सतरा ज्वेलचं. बॅलन्सचं झुलतं चाक काढलं की खाली घरासारखं एक बारीक चिन्ह आणि तीन आकडे आहेत. चाकं धरून ठेवणाऱ्या पुलांची वळणं आणि एका स्प्रिंगचा बाक जुन्या कॅटलॉगशी ताडून पाहिला. १९५८चं मशीन, फार तर ५९चं. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही. ही वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही आणि ओळख हीच माझी कमाई आहे.

मशीनवर एकही घसरल्याची रेघ नाही, याचं नवल वाटलं. कुठलंही उघडलेलं घड्याळ बघा, आधीच्या कारागिराचा पेचकस घसरल्याची एक तरी रेघ सापडतेच. माझ्या हातून आजवर घसरलेला नाही. ज्यानं हे उघडलं त्याच्याही नाही.

आणि तो कोण तेही कळलं. पाठीच्या झाकणाला आतून खुणा आहेत. दुरुस्त करणारा आतून आपली खूण आणि साल सुईनं कोरून ठेवतो, ही आमच्या धंद्यातली रीत. इथे ‘झु’ असं कोरलंय आणि खाली चार आकडे: ८८, ६४, ५१, ४०. काकीजींना विचारलं तर म्हणाल्या, शेठ धुळ्याला झुलालकडेच जायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. झुलाल म्हणजे पाचकंदिलाजवळच्या टपरीतला. मी त्याला लांबून ओळखतो. घड्याळाबरोबर रेडिओ आणि कुकरच्या शिट्ट्यासुद्धा दुरुस्त करायचा.

एक गोष्ट खटकली. १९५८च्या मशीनच्या झाकणावर ४० आणि ५१ साल कसं? आणि झुलाल काही चाळीस साली जन्मलेला नाही. शिवाय कोरलेला ८८ सगळ्यात काळवंडलेला आणि ४० सगळ्यात ताजा दिसतो. उलट हवं. थोडा विचार केल्यावर उलगडलं. झाकण दुसऱ्या, जुन्या घड्याळाचं आहे. बाजारात अशी खिचडी होते. ४० आणि ५१ कुणा आधीच्या कारागिराचे, झुलालनं नंतर त्यावर आपला ‘झु’ चढवला. चाळीसवर घासकाम झालं म्हणून ते चमकतं. ठीक आहे. कोडं सुटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

सर्व्हिसिंग पूर्ण. प्रत्येक भाग सुटा केला, धुतला, चाकांची टोकं लाकडाच्या काडीनं पुसली, तेल दिलं. तेल जास्त झालं की पसरतं, कमी झालं की भाग झिजतो. सुईच्या टोकावर जे दिसत नाही पण आहे, तेवढं तेल.

झाकण लावण्याआधी आपली खूण कोरली. चाळीसच्या खाली, मोकळ्या जागेत, ‘शा २५’, माझ्या नावाचं अक्षर आणि साल. पाचाची शेपटी अशी उतरली की छापल्यासारखी. झुलालनं बघावी.

मग पूर्ण चावी दिली. बॅलन्स हलला, थांबला, आणि मला वाटलं काहीतरी राहिलं. छातीत एक ठोका चुकला, जिना उतरताना एक पायरी नसावी तसं. मग घड्याळ चालू झालं. दोन वर्षांनी चालू होणाऱ्या घड्याळाचा पहिला आवाज ऐकला की मला दर वेळी असंच होतं.

आता रीतीप्रमाणे आठ-दहा दिवस माझ्याच मनगटावर राहील. टेबलावर सगळी घड्याळं बरोबर चालतात, खरी परीक्षा अंगावर. गिऱ्हाइकाला द्यायचं पाकीटही करून ठेवलं. वर अर्हमचं नाव आणि खाली माझं ठरलेलं वाक्य, ‘रोज सकाळी चावी द्यायची.’ हे वाक्य मी प्रत्येक पाकिटावर हातानं लिहितो.

११ ऑक्टोबर, शनिवार

हात कमालीचा स्थिर झालाय. आज मुंबईहून आलेल्या एका लेडीज घड्याळाची हेअरस्प्रिंग सरळ केली. ती केसाहून बारीक असते. एरवी असं काम करताना बोटात नाडीचा ठोका जाणवतो आणि त्या ठोक्यांच्या मधल्या फटीत काम उरकावं लागतं. आज ती फट एवढी मोठी होती की मध्ये चहा पिऊन यावं.

जळगावची हवा मानवली. सारिकाला फोनवर सांगितलं तर म्हणाली, माझ्याविना मानवली म्हणजे कमालच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फोनमध्ये एक ॲप आहे. घड्याळ माइकजवळ ठेवलं की त्याची टिकटिक ऐकून पडद्यावर ठिपके काढतं. चाल बरोबर असेल तर ठिपक्यांची रांग सरळ जाते. शेठचं घड्याळ लावलं. रांग सरळ, आखल्यासारखी.

पण तिच्या खाली दुसरी रांग. विरळ. जाड ठिपके, एकेक, बऱ्याच अंतरानं.

दुकानातली बाकी घड्याळं आत ठेवून आलो. पंखा बंद केला. दुसरी रांग तशीच. मग शेठचं घड्याळ उचलून मागच्या खोलीत उशीखाली ठेवलं, दार लावलं आणि परत येऊन फोनशी बसलो. वरची रांग गेली होती.

खालची चालू होती.

मनगट टेबलावर टेकलेलं होतं, ते उचललं. रांग थांबली. टेकवलं, पुन्हा सुरू. म्हणजे फोन माझी नाडी ऐकत होता. हे कळल्यावर हसू आलं. मग ठिपक्यांमधलं अंतर बघितलं आणि हसू गेलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सारिका म्हणाली, तुम्ही उत्तर द्यायला एवढा वेळ का घेता, फोन कट झाला असं वाटतं. मला तर मी लगेच बोललो असं वाटलं.

बोटं गार. उन्हात बसलो तरी गार. दुपारी जेवायला बसलो. भरीत गरम होतं. घास उचलला. आणि मग काकीजींची मोलकरीण मंदाबाई झाडू मारायला आली, तिनं विचारलं, भाऊ, जेवत का नाही? घास हातात होता. भरीत गार झालं होतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सारिकानं कोरोनातलं बोटाला लावायचं यंत्र सामानात घातलं होतं. ते लावलं. नाडी ४०. यंत्र जुनं म्हणून सेल बदलले. ३९.

डॉक्टरकडे गेलो. ईसीजीची पट्टी काढली. त्यांनी ती दोनदा बघितली, मग माझ्याकडे बघितलं. चालत आलात का, विचारलं. हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि दिवाळीची वाट बघू नका म्हणाले. बहुतेक छातीत मशीन बसवावं लागेल. मी म्हटलं, कुठल्या कंपनीचं? ते हसले नाहीत. सारिकाला अजून सांगितलेलं नाही. परवा धुळ्याला जायचंच आहे, समोरासमोर सांगेन.

शेठचं घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. जड वाटत होतं. संध्याकाळी चावी दिली, पण उद्यापासून देणार नाही. परीक्षा पुरी झाली, चाल उत्तम आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार

शांतपणे आणि क्रमानं लिहितो. चूक राहायला नको.

काल चावी दिली नाही. आज सकाळी धुळ्याला जायला बॅग भरत होतो. डोळ्यांसमोर कडेनं अंधार आला आणि आत आत सरकत आला. खाली बसलो. छातीत ठोका. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक. त्याच वेळी ड्रॉवरमधून घड्याळाचा आवाज येत होता, चावी संपत आलेल्या घड्याळाचा, ओढत ओढत येणारा. तो आवाज मी हजारदा ऐकलाय. त्यात एक टिक येते आणि पुढची येईल की नाही ते सांगता येत नाही.

सरपटत गेलो. ड्रॉवर उघडला. चावी दिली.

अंधार मागे हटला. अगदी चावीच्या प्रत्येक वळशाबरोबर.

मी बुवाबाजी मानत नाही. घड्याळात पितळ, पोलाद, तेल, याशिवाय काही नसतं. मी स्वतः आत बघितलंय, एकेक भाग. पण दोन्ही एकदम थांबत होते आणि एकदम चालू झाले. हेही मी स्वतः बघितलं.

घड्याळ बरोबर घेऊन धुळ्याला निघतोय.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

धुळे. सारिका काळजीत आहे, तिला डॉक्टरची चिठ्ठी दाखवली, बाकीचं नाही.

झुलालला शोधून काढला. टपरी कधीच गेली. मुलीच्या घरी ओट्यावर खाटेवर असतो. एका डोळ्यात मोतीबिंदू, उजवा हात लकव्यानं गेलेला. घड्याळ त्याच्या डाव्या हातात दिलं, तर झाकणावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, कोणी चावी दिधी? मी म्हटलं, मी. तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. डोळे मिटून धरून बसला. मग सोडलं.

मी आतल्या सालांबद्दल विचारलं. तो म्हणाला, साल? साल नही शे भाऊ, नाडी शे. बठ्ठा आकडा मीच टाकेल.

म्हणजे सगळे आकडे त्याच्याच हातचे. त्यानं सांगितलं ते असं. शेठना धडधडीचा त्रास होता. एकदा घड्याळ घेऊन आले, ठोके मोजले तर ८८. झुलालनं गंमत म्हणून आत लिहून ठेवले. पुढच्या वेळी शेठ म्हणाले, घडीसारखं मलाही कमी करून दे. यानं थट्टेत ६४ कोरलं. महिन्याभरात शेठ पेढे घेऊन आले. नाडी चौसष्ट, झोप छान, सामायिकात मन लागतंय. मग त्यांना ती शांती गोड लागली. आणखी मागायला आले. ५१. पुढे ४०. त्याच्या पुढे झुलालनं सुई उचलली नाही. जो चावी देतो त्याचा जीव घड्याळाला जोडला जातो आणि आत जो शेवटचा आकडा असतो तिथे नाडी येऊन थांबते. घड्याळ थांबलं की माणूस थांबतो. दुसऱ्यानं चावी दिली की पहिला सुटतो, दुसरा अडकतो. शेठ शेवटी थकले आणि एक दिवस चावी न देताच आसनावर बसले. झुलालनं त्यांना बजावलं होतं, तुमच्यामागे कुणी चावी द्यायची नाही, घरी सांगून ठेवा. सांगतो म्हणाले होते. नसेल सांगितलं.

मग त्यानं विचारलं, तू कितीचा आकडा टाका?

मी म्हटलं, पंचवीस. साल म्हणून.

तो हसला, दात नसलेलं. म्हणाला, साल कॅलेंडरवर असतं रे बाबा, ते घड्याळात कशाला लिहायचं? शिकेल माणूस दिसतोस, कोणाजवळ शिकला? मी म्हटलं, कुणाजवळ नाही. तो म्हणाला, हां, तेच.

उपाय आहे. खाली नवा आकडा कोरायचा, बहात्तर. पण बंद घड्याळावर कुणीही कोरावं, चालू घड्याळावर ज्याच्या हातचा शेवटचा आकडा, त्याच्याच हातानं. दुसऱ्याचा हात चालत नाही. जुना खोडायचा नाही. आणि हात आहे तोवर लवकर कर, म्हणाला. त्याची हत्यारं भंगारात गेली. माझी जळगावात आहेत.

यंत्रावर आज ३३.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज, बस भरलेल्या. आज जागा मिळाली. सारिका बरोबर येते म्हणाली, नको म्हटलं. दवाखान्याचं रविवारनंतर ठरवू असं सांगितलं. कंडक्टरनं तिकिटाला तीनदा विचारलं. पारोळा कधी गेलं, एरंडोल कधी गेलं, कळलं नाही. मी खिडकीतून बघतच होतो.

दुकान. झाकण उघडलं. सुई हातात घेतली.

हात थरथरतो. माझा हात.

असा आकडा कोरला तर ७ आहे की १ आहे कळणार नाही. कळला नाही तर काय होईल ते झुलालनं सांगितलं नाही. सकाळी उजेडात हात बरा असतो. उद्या.

अर्हम डोकावून गेला. परवा लाभपंचमी, सकाळीच घड्याळ न्यायला येतो म्हणाला. काकीजींनी नवा पट्टा आणून ठेवलाय मनगटासाठी, मुहूर्तावर चावी तोच देणार. मी मान हलवली. तो गेल्यावर बराच वेळ मान हलतच होती असं मंदाबाई म्हणाली.

त्यानं चावी दिली की मी सुटतो. एवढंच करायचं आहे. पाकीट पुढे सरकवायचं.

त्याच्या गालावर अजून दाढी नाही. पंचवीस.

माझ्या दुकानातून चुकीचं घड्याळ आजवर गेलेलं नाही. जाणार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

२८.

सकाळी चावी दिली. हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. उजेड चांगला आहे.

सुरुवात केली. आधी ७. मोठा काढायचा, सावकाश. गोल — वळण — शेपटी.

७ झाला. सुरेख. छापल्यासारखा. पंचवीसपेक्षा चांगला.

आता २ —

—

सुई पडली. माझ्या हातून. टेबलाखाली गेली.

वाकलो. वाकताना कळलं —

अर्धा आकडासुद्धा आकडाच. खाली आता शेवटचा आकडा कोणता? ७.

सात.

लवकर. सुई. दिसत नाही. सुई —

२६ ऑक्टोबर. लाभपंचमी

फरशीवर होतो. उजेड आलाय.

सुई हातात आहे. बोटं मिटत नाहीत.

पेन धरता येतं. पेन जाड.

ठोका — मग पेठ किती लांब जाते — मग ठोका.

जिन्यावर पावलं. अर्हम. नवा झब्बा. वरून काकीजी काहीतरी म्हणतात, तो हसतो.

दार उघडंच होतं.

मला म्हणाला, खाली का बसलात भाऊ, बरं नाही का? तोंड उघडलं. शब्द येतोय. अजून येतोय. तो थांबला नाही, मुहूर्त आहे. आजीला बोलावतो म्हणाला, डॉक्टरला फोन करतो म्हणाला. घड्याळ टेबलावर. झाकण त्यानंच दाबून बसवलं. मनगटावर बांधलं. पाकीट उचललं. मोठ्यानं वाचतोय. रोज सकाळी —

माझंच अक्षर.

अंगठा चावीकडे.

त्यानं दिली तर मी — नाही. नाही.

बोलता येत नाही. लिहून दाखवतो. वही त्याच्याकडे फिरवतो. एकच वाक्य. मोठ्या अक्षरात.

अर्हमभाऊ, या घड्याळाला चावी द्यायची